सायकलच्या टू-स्ट्रोक इंजिनाचं हेड-पिस्टनचं काम: पहिल्यांदाच उघडणाऱ्यांसाठी

सायकलच्या फ्रेममध्ये बसणारं छोटं टू-स्ट्रोक इंजिन उघडायला फार सोपं. चार नट सोडले की हेड हातात, सिलेंडर वर उचलला की पिस्टन समोर. ना व्हॉल्व्ह, ना कॅम, ना टायमिंग चेन. आणि उघडायला सोपं म्हणूनच याचं काम बहुतेक वेळा अर्धवट होतं. जुना पिस्टन काढला, नवा घातला, नट आवळले, आणि थोड्याच दिवसांत तोच खडखडाट परत. जुना पिस्टन कशानं गेला हे कुणी बघितलेलंच नसतं. म्हणून इथे पाना फिरवण्यापेक्षा बघणं आणि मोजणं यांवर जास्त लिहिलंय. प्रत्यक्ष कामातही वेळ तिथेच जायला हवा.

हे सगळं किटमधून येणाऱ्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांबद्दल आहे. कार्बोरेटर मागे, सायलेन्सर पुढे, आणि पोर्ट (सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडक्या) उघडझाप करायचं काम पिस्टनच करतो.

आधी आपलं इंजिन ओळखा

पेटीवर ८० सीसी छापलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवून पिस्टन मागवू नका. बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ४७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ३८ मिमी असेल तर हिशोब ६६ सीसीवर थांबतो. ४० मिमी स्ट्रोक असेल तर ६९. लहान इंजिनाचा बोअर ४० मिमी आणि स्ट्रोक ३८ मिमी, म्हणजे जेमतेम ४८ सीसी. ८० कुठून आले ते छापणाऱ्यालाच ठाऊक.

पिस्टन घेताना तीन मापं लागतात: व्यास, गजन पिनच्या, म्हणजे पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या, भोकाचा व्यास (बहुधा १० मिमी) आणि पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची. तिसरं माप लोक विसरतात. एकाच बोअरचे, पण पिनची जागा वरखाली असलेले पिस्टन बाजारात मिळतात. चुकीचा बसवला तर एकतर तो हेडला आपटतो, नाहीतर कॉम्प्रेशनच मिळत नाही. हेडचे स्टडही (ज्यांच्यावर नट बसतात ते आट्यांचे दांडे) काही इंजिनांत ६ मिमीचे, काहींत ८ मिमीचे असतात, त्यामुळे गॅस्केटची (सांध्यातली गळती थांबवणारी चकती) भोकं वेगळी. जुना पिस्टन बाहेर काढून व्हर्नियरनं मोजावा, मगच नवा मागवावा. घाई असेल तरीही.

खरंच उघडायची गरज आहे का?

इंजिन चढाला धाप टाकतं, पॅडल मारताना पूर्वीसारखा दाब लागत नाही, गरम झाल्यावर बंद पडतं आणि थंड होईपर्यंत चालू होत नाही, सिलेंडरमधून टकटक येते. ही लक्षणं पिस्टन-रिंगांची असू शकतात. पण यातली अर्धी लक्षणं चोक अडकल्यानं, सायलेन्सरमध्ये कार्बन साचल्यानं किंवा स्पार्क प्लग खराब असल्यानंही दिसतात. तेव्हा आधी प्लग बदला, सायलेन्सरच्या तोंडात बघा, कार्बोरेटर घट्ट बसलाय का हलवून बघा.

मग कॉम्प्रेशन मोजा. गेज प्लगच्या भोकात बसवा. काढलेला प्लग त्याच्या टोपीतच ठेवून हेडच्या धातूला टेकवा, टोपी मोकळी लोंबकळत ठेवू नका. थ्रॉटल पूर्ण उघडा, पॅडल मारून वेग घ्या, क्लच सोडा आणि काटा वर जायचा थांबेपर्यंत फिरवत राहा. ९० पीएसआयच्या वर असेल तर घाई नाही. ६० च्या आसपास असेल तर उघडायला हरकत नाही. इतक्या लहान इंजिनात गेजच्या नळीतली जागासुद्धा आकडा खाली ओढते, म्हणून एका आकड्यावर न जाता आपल्याच इंजिनाचे आकडे वेळोवेळी लिहून ठेवणं जास्त कामाचं.

आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून छोटा चमचाभर इंजिन तेल आत सोडा, दोनचार फेरे फिरवून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला तर गळती रिंगा आणि बोअर यांच्या मधून आहे. जराही हलला नाही तर हेड गॅस्केट किंवा हेडचा पृष्ठभाग तपासा. कदाचित चार नट आवळण्यावरच भागेल.

हाताशी काय हवं

नटांना नेमके बसणारे बॉक्स पाने, प्लगचा पाना, टोकदार पक्कड, व्हर्नियर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा), प्लास्टिकचा खरवडा, धागे न सुटणारं फडकं, डोळ्यांना चष्मा. सोल्डरची साधारण १.५ मिमी जाडीची तार थोडी. नवे भाग म्हणजे पिस्टन, रिंगा, गजन पिन, दोन सर्क्लिप (पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या क्लिपा), रॉडच्या वरच्या टोकातलं सुईबेअरिंग आणि सगळी गॅस्केटं. टॉर्क पाना महाग वाटला तर कुणाकडून मागून आणा, पण अंदाजानं आवळू नका. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की काम दुप्पट होतं.

हातोडी लांब ठेवा.

उघडणं

इंजिन पूर्ण थंड असू द्या. पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढा. आता उघडण्याआधी बाहेरून धुवा. सिलेंडरच्या बाहेरच्या पंखांसारख्या पट्ट्यांत आणि बुडाशी अडकलेली माती सिलेंडर उचलताच सरळ क्रँककेसमध्ये (सिलेंडरखालची, क्रँक फिरतो ती पेटी) पडते, आणि तिथे रॉडचं खालचं बेअरिंग तिची वाटच बघत असतं. ब्रश, रॉकेल किंवा डिग्रीझर, मग कोरडं फडकं. कार्बोरेटरचं आणि सायलेन्सरचं तोंड धुताना बंद ठेवा.

हेडचे नट एकदम पूर्ण सोडायचे नाहीत. पाव फेरा, मग तिरक्या समोरचा पाव फेरा, असं करत चारही ढिले होईपर्यंत जा. कधीकधी नटाबरोबर स्टडच फिरून बाहेर येतो. घाबरू नका. बसवताना दोन नट स्टडवर एकमेकांना घट्ट आवळून वरच्या नटाला पाना लावला की स्टड जागेवर जातो, आट्यांवर मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा द्रव) लावा. मात्र स्टडच्या आट्यांना चिकटून ॲल्युमिनियमच्या वळ्या बाहेर आल्या असतील, तर केसमधले आटे गेले. तिथे थ्रेड इन्सर्ट (नवे आटे देणारी वेटोळी) घालून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. तीन स्टडवर हेड बसवून चालवू म्हणणाऱ्याचं हेड वाकतंच.

हेड चिकटलं असेल तर लाकडाच्या तुकड्यानं बाजूनं हलके टोले द्या. पेचकस सांध्यात घालून उचकटलं की पृष्ठभागावर पडलेली खाच पुढे कायम गळते.

सिलेंडर एका हातानं सरळ वर ओढा, दुसरा हात पिस्टनखाली असू द्या. सिलेंडर दोनेक सेंटिमीटर वर आला की, पिस्टन बाहेर पडायच्या आधीच, खालच्या फटीतून स्वच्छ फडकं क्रँककेसच्या तोंडात कोंबा. रिंग तुटलेली असेल तर तिचे तुकडे याच क्षणी खाली पडतात. मग सिलेंडर पूर्ण काढा. पिस्टन स्टडवर आपटू देऊ नका.

आता सर्क्लिप. फडकं तोंडभर बसलंय ना, पुन्हा एकदा बघा. चष्मा घाला. पिस्टनच्या भोकाच्या काठावर छोटी खाच असते, तिथून पक्कडीचं टोक क्लिपखाली सरकवा आणि क्लिप उडू नये म्हणून दुसऱ्या हाताचा अंगठा समोर धरा. एकच क्लिप काढली तरी पिन दुसऱ्या बाजूनं ढकलता येते. ढकलून निघत नसेल तर पिस्टन हॉट एअर गननं गरम करा. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, पिन मोकळी होते. ठोकलं की तो मार सरळ रॉडला आणि खालच्या बेअरिंगला बसतो.

पिस्टन काढण्याआधी त्याच्या माथ्यावर सायलेन्सरच्या बाजूला मार्करनं खूण करा. कारखान्याची बाणाची खूण कार्बनखाली असली तर दिसत नाही, आणि पुढचं सगळं वाचन या खुणेवर अवलंबून आहे.

पिस्टन वाचा

सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. पिस्टन पुसू नका. उजेडात धरा आणि चारही बाजूंनी फिरवून बघा.

सायलेन्सरच्या बाजूला उभे, खोल, चिकटलेल्या धातूचे ओरखडे असतील तर पिस्टन उष्णतेनं किंवा तेल कमी पडल्यानं सीझ झालाय, म्हणजे सिलेंडरला चिकटलाय. ती बाजू सगळ्यात जास्त तापते, म्हणून सुरुवात तिथून होते. माथा पांढरट, कोरडा दिसत असेल तर कारण जवळजवळ पक्कं: मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. यामागे लहान जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल जायचं बारीक भोक) असू शकतो, पण किटच्या इंजिनांत त्याहून नेहमीचा गुन्हेगार म्हणजे कार्बोरेटर आणि इनटेक नळी यांचा सांधा. तिथून चोरून हवा शिरते, आणि ती हवा पेट्रोल घेऊन येत नाही, तेलही नाही. नवा पिस्टन टाकून हा सांधा तसाच ठेवलात तर नवा पिस्टनही याच जागी फाटेल.

ओरखडे कार्बोरेटरच्या बाजूला असतील, बारीक, धुरकट, पॉलिश पेपर घासल्यासारखे, तर धूळ आत गेलीय. एअर फिल्टरची जाळी उघडून बघा. किटमधला स्पंज कोरडा असेल तर तो बारीक धूळ अडवत नाही, फिल्टरचं तेल लावावं लागतं.

चार ठिकाणी, साधारण सारख्या अंतरावर चट्टे असतील तर तो थंड इंजिनावर जोर दिल्याचा पुरावा. सकाळी चालू केलं आणि लगेच पूर्ण थ्रॉटल दिला की पिस्टन सिलेंडरच्या आधी फुगतो. पिनच्या आजूबाजूला त्याची भिंत जाड असते, तिथेच तो टेकतो. इथे दोष इंजिनाचा नाही, चालवणाऱ्याचा.

रिंगांच्या खाली पिस्टनवर तपकिरी-काळा पट्टा असेल तर जळालेला वायू रिंगांवरून खाली उतरतोय. रिंगा झिजल्यात किंवा खाचेत चिकटल्यात. पिस्टन उलटा करून माथ्याच्या आतल्या बाजूलाही बघा. तिथे जळून काळं झालेलं तेल असेल तर पिस्टन बराच काळ प्रमाणाबाहेर तापत होता. माथ्याच्या कडेला बारीक खड्डे, कुरतडल्यासारखी कड दिसली तर स्फोट अवेळी होतोय, म्हणजे पुन्हा हवेची गळती, जास्त कॉम्प्रेशन किंवा जास्त गरम प्लग. माथ्यावर बुंदकीसारखे चकचकीत ठोके असतील तर काहीतरी धातूचं आत फिरलंय. बहुधा सुईबेअरिंगच्या पिंजऱ्याचे किंवा रिंगचे तुकडे. अशा वेळी क्रँककेस धुतल्याशिवाय जोडणी नको.

जे दिसलं ते लिहून ठेवा आणि चारही बाजूंनी फोटो काढा.

रॉड आणि खालचं बेअरिंग

पिस्टन निघाल्यावर कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरा. डावी-उजवीकडे थोडा हलला तर चालतं, तो तसाच असतो. आता क्रँक अर्ध्यावर ठेवून रॉड सरळ वर ओढा आणि खाली दाबा. इथे टक् असं हलकंसं जरी जाणवलं तरी खालचं बेअरिंग गेलंय. मग नवा पिस्टन, नव्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. क्रँक उघडावा लागेल, आणि ते वेगळं, मोठं काम आहे.

रॉडच्या वरच्या टोकातलं सुईबेअरिंग नवं टाकाच. जुनं ठीक दिसलं तरी. पिनवर जिथे सुया फिरतात तिथे नख फिरवून बघा. नखाला कड लागली तर पिनही बदलायची.

सिलेंडर

आधी कळायला हवं की भिंत कशाची आहे. चुंबक आतून लावा. घट्ट चिकटला तर लोखंडी स्लीव्ह. चिकटत नसेल आणि भिंत आरशासारखी चकचकीत असेल तर ॲल्युमिनियमवर क्रोमचा थर. किटच्या इंजिनांत क्रोमच जास्त दिसतं.

हा फरक यासाठी की लोखंडी स्लीव्हला होन (दगड बसवलेलं घासायचं अवजार) मारून बारीक आडव्या-तिरक्या रेघा पाडता येतात, जास्त झिजली तर रिबोअर करून (बोअर मोठा कापून) मोठा पिस्टन टाकता येतो. क्रोमला होन लावायचा नाही. थर इतका पातळ असतो की होनचा दगड तो खरवडून खालचं ॲल्युमिनियम उघडं पाडतो. क्रोमच्या सिलेंडरमध्ये पोर्टांच्या कडा नीट बघा, विशेषतः सायलेन्सरच्या पोर्टची वरची कड. क्रोम तिथूनच सोलायला लागतं. पापुद्रा निघाल्यासारखा राखाडी डाग दिसला तर सिलेंडर बदला, त्याला दुरुस्ती नाही. पोर्टांच्या कडा धारदार असतील तर ६०० नंबरचा पॉलिश पेपर बोटावर धरून फक्त धार मोडा. आकार बदलायचा मोह टाळा. पोर्ट मोठे करून वेग वाढवायचे प्रयोग या कामात मिसळले की बिघाड कशानं झाला हे नंतर कळत नाही.

झीज मोजायची सोपी पद्धत म्हणजे रिंग. नवी रिंग पिस्टनवर न चढवता नुसती बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्यानं ढकलून सरळ बसवा. आधी वरच्या काठापासून साधारण १५ मिमी आत, पोर्ट नसलेल्या जागी. रिंगच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजनं मोजा. बोअरच्या दर २५ मिमीला ०.१ मिमी हा जुना नियम धरला तर ४७ मिमीच्या बोअरला किमान सुमारे ०.२ मिमी, ४० मिमीच्या बोअरला सुमारे ०.१६ मिमी हवी. फट यापेक्षा कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग भिंतीत रुतते. टोक बारीक कानशीनं, एकाच दिशेनं, थोडं थोडं घासून फट वाढवा. फट ०.५ मिमीच्या पुढे गेली आणि रिंग नवी असेल, तर सिलेंडर झिजलाय.

आता तीच रिंग बोअरच्या तळाशी, पोर्टांच्या खाली नेऊन पुन्हा मोजा. दोन फटींतला फरक ३.१४ नं भागला की व्यासातला फरक मिळतो. म्हणजे वर ०.३५ आणि खाली ०.२५ आली तर वरचा भाग ०.०३ मिमीनं मोठा झालाय. महागडं बोअर गेज नसलं तरी सिलेंडर गाजरासारखा निमुळता झालाय का, हे एवढ्यानं कळतं.

शेवटी सिलेंडर गरम पाण्यानं आणि भांड्याच्या साबणानं धुवा. पेट्रोलनं पुसल्यावर स्वच्छ दिसतो, पण बारीक कण भिंतीतच राहतात. पांढरं फडकं आतून फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत. लगेच कोरडा करून टू-स्ट्रोक तेलाचा हात फिरवा, विशेषतः लोखंडी स्लीव्हला, नाहीतर तासाभरात तांबूस पडते.

हेड आणि सांधे

जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या खरवड्यानं काढा. हट्टी तुकड्यांवर ॲसिटोन टाकून थोडा वेळ थांबा. मग जाड काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर हेड पालथं घाला आणि इंग्रजी आठच्या आकारात, हलक्या हातानं फिरवा. दहाबारा फेऱ्यांनी उचलून बघा. सगळीकडे सारखी राखाडी चमक आली तर हेड सपाट. कुठे जुना काळा भाग राहिला तर ती जागा खोल आहे, आणखी फिरवा. नव्या किटमधलं हेडसुद्धा पहिल्या फेरीत क्वचितच सपाट निघतं. कार्बोरेटरच्या नळीचा पत्राही असाच काचेवर घासून घ्या. वर म्हटलेली चोरटी हवा निम्म्या वेळा याच वाकड्या पत्र्यातून येते.

जोडणी

फडकं अजून क्रँककेसच्या तोंडात असू द्या. बुडाचं गॅस्केट स्टडवरून खाली बसवा आणि त्याची भोकं क्रँककेसच्या वाटांशी जुळतात का बघा. उलटं बसवलं तर एखादी वाट अर्धी झाकली जाते आणि इंजिन विनाकारण लंगडतं.

सुईबेअरिंग तेलात बुडवून रॉडमध्ये घाला. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. बाण नसेल तर रिंगांच्या खाचेतल्या छोट्या खुंट्या बघा: रिंगांची टोकं त्या खुंट्यांपाशी येतात, आणि टोकं पोर्टच्या खिडकीवरून जाता कामा नयेत, भिंतीवरून जायला हवीत. सिलेंडर वरून पिस्टनवर धरून बघितलं की लगेच कळतं. टोक खिडकीत गेलं तर ते बाहेर फाकतं, अडकतं आणि तुटतं. इंजिनाचा एवढा जीव त्या दोन मिलिमीटरांवर असतो.

पिन तेल लावून हातानं ढकला. नवी सर्क्लिप. जुनी ताठ वाटली तरी नको, काढताना तिचा ताण गेलेला असतो. क्लिपची उघडी बाजू वर किंवा खाली ठेवा, काढायच्या खाचेसमोर नको. बसवल्यावर पेचकसाच्या टोकानं ती खाचेत गोल फिरते का बघा. फिरली म्हणजे पूर्ण बसली. अर्धवट बसलेली क्लिप सुटली की बोअरवर उभी नांगरट करते.

रिंगांवर खूण किंवा अक्षर असेल तर ती बाजू वर. खालची रिंग आधी चढवा, टोकं फाकवताना गरजेपुरतीच, कारण ओतीव लोखंड वाकत नाही, सरळ मोडतं. टोकं खुंटीच्या दोन्ही बाजूंना बसल्याची खात्री करा, सगळं तेलानं माखा. आता फडकं काढा.

सिलेंडर बसवताना दोन हात पुरतात, पण घाई चालत नाही. सिलेंडरच्या खालच्या काठाला आतून उतार असतो. बोटांनी रिंग दाबून धरा आणि सिलेंडर सरळ खाली सरकवा, एकेक रिंग. अडकलं तर जोर न लावता वर उचलून पुन्हा बघा, नव्वद टक्के वेळा टोक खुंटीवर चढलेलं असतं. सिलेंडर डावी-उजवीकडे गोल फिरवून खाली नेऊ नका, फिरवताना टोकं पोर्टच्या खिडकीत जातात.

माथ्यावरची फट

हेड बसवण्याआधी सोल्डरच्या तारेचे दोन तुकडे पिस्टनच्या माथ्यावर ग्रीसनं चिकटवा, पिनच्या रेषेत, दोन्ही बाजूंना, टोक सिलेंडरच्या भिंतीला टेकेल असे. पिनच्या रेषेत अशासाठी की पुढे-मागे ठेवले तर पिस्टन डुलतो आणि माप फसवं येतं. हेड गॅस्केट घालून नट आवळा, इंजिन हळू एक फेरा फिरवा, हेड काढून दबलेलं टोक मोजा. ०.८ ते १.० मिमी उत्तम. ०.६ च्या खाली असेल तर जाड गॅस्केट घाला, कारण वेगात रॉड किंचित ताणतो आणि पिस्टन हेडला पोचतो. १.५ मिमीची तार नुसती जराशी चपटी झाली असेल तर फट फार मोठी. इंजिन चालेल, पण जोर कमी राहील. पहिल्या खेपेला तिथेच सोडून दिलं तरी चालतं.

नट आवळताना तिरक्या क्रमानं तीन टप्पे. इंजिनाच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच पाळा. नसेल तर ६ मिमीच्या स्टडला साधारण १० न्यूटन-मीटर, ८ मिमीच्या स्टडला साधारण १६. आटे स्वच्छ आणि वायसर जागेवर असू द्या, नाहीतर पाना खोटा आकडा सांगतो.

कार्बोरेटर, सायलेन्सर नव्या गॅस्केटांसह. प्लगची फट ०.६ मिमी. प्लग लावण्याआधी क्लच सोडून मागचं चाक हातानं फिरवा आणि कान द्या. एकसारखा हलका घासल्याचा आवाज ठीक. एका जागी अडत असेल तर उघडा.

पहिलं चालवणं

तेलाचं प्रमाण हा वादाचा विषय. किटच्या कागदावर बहुधा सुरुवातीला १६:१ आणि नंतर २०:१ असतं. चांगलं टू-स्ट्रोक तेल वापरत असाल तर पहिल्या काही लिटरना २०:१, म्हणजे लिटरला ५० मिली, आणि पुढे २५:१, म्हणजे ४० मिली, मला पुरेसं वाटतं. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज पुरता खरा नाही. तेलानं पेट्रोलची जागा घेतली की मिश्रणात पेट्रोल तेवढं कमी होतं, प्लगही लवकर काळा पडतो.

पहिल्यांदा चालू केल्यावर हळू आवाजावर दोनतीन मिनिटं. तेवढ्यात साबणाचं पाणी ब्रशनं इनटेकच्या सांध्यावर आणि सिलेंडरच्या बुडाशी लावा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जातेय. हेडच्या सांध्यावर बुडबुडे आले तर गळती. मग बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, हेडचे नट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासा. असं एकदोनदा केल्यावर गॅस्केट जागा धरतं. नट तपासायचे ते थंड असतानाच, गरम असताना नाही.

रिंगा बोअरशी जुळेपर्यंत थ्रॉटल अर्ध्याच्या आतबाहेर ठेवा, एकाच वेगावर लांब जाऊ नका, चढ टाळा. पण फार हळूही नको. थोडा भार पडल्याशिवाय रिंगा भिंतीवर बसत नाहीत. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून इंजिनाच्या ब्रेकवर उतरू नका. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच मिळतं, पेट्रोल बंद म्हणजे तेल बंद, आणि मागचं चाक मात्र इंजिन फिरवतच असतं. उतारावर क्लच दाबा.

दोनतीन टाक्या झाल्यावर प्लग काढा. फिकट कॉफीचा रंग चांगला. पांढरा दिसला तर लगेच थांबून हवेची गळती शोधा, जेट एक नंबर मोठा करा. काळा आणि ओला असेल तर चोक आणि सुईची खाच बघा. याच वेळी कॉम्प्रेशन पुन्हा मोजून जुन्या आकड्याशेजारी लिहा. रिंगा बसल्या असतील तर जोडणीनंतरच्या पहिल्या आकड्यापेक्षा तो वाढलेला असतो. जोर चांगला आहे, कॉम्प्रेशन चांगलं आहे, तरी प्लग पांढरा आणि थ्रॉटल सोडल्यावर वेग खाली यायला वेळ लागतो, असं असेल तर शंका क्रँकच्या तेलसीलांवर घ्या. ती हेड-सिलेंडरच्या खाली असतात, त्यासाठी मॅग्नेटोची (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाची) बाजू उघडावी लागते.